महाबळेश्वरचं पठार, उंची आणि जंगल: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की पुण्यातले लोक महाबळेश्वरचे प्रश्न विचारायला लागतात, आणि हॉटेलं-मॅप्रोचे प्रश्न सोडले तर त्यातले निम्मे उंचीचे, दगडाचे, पावसाचे आणि घाटाचे असतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. एका प्रश्नाचं अर्धं उत्तर दुसरीकडे असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. महाबळेश्वर नक्की किती उंचीवर आहे? कुठे १३५३ लिहिलंय, कुठे १४३९, खरं कुठलं?

दोन्ही खरं, जागा वेगळ्या. गावाची म्हणून जी उंची सांगतात ती १३५३ मीटर, म्हणजे ४४३९ फूट. आणि पठारावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे विल्सन पॉइंट, जुनं नाव सिंडोला टेकडी, ती १४३९ मीटर म्हणजे ४७२१ फूट. आता गंमत बघा, गावाची फुटातली उंची ४४३९ आणि विल्सनची मीटरमधली १४३९, त्यामुळे लोक हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात आणि मग फॉरवर्डमध्ये काहीही येतं. आकड्याच्या पुढे मीटर आहे का फूट हे बघितलं की बहुतेक गोंधळ तिथेच मिटतो. आणि एक, गाव म्हणजे काही एक सपाट मैदान नाही, मार्केट, वेण्णा लेक, क्षेत्र महाबळेश्वर सगळं वेगवेगळ्या लेव्हलला आहे, त्यामुळे तुमच्या हॉटेलची उंची यापेक्षा थोडी इकडेतिकडे निघणारच.

२. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण महाबळेश्वरच ना?

नाही. सगळ्यात उंच कळसूबाई, १६४६ मीटर. साल्हेरचा किल्ला १५६७ मीटर. विल्सन पॉइंट त्यांच्या बराच खाली आहे. पण कळसूबाई हे शिखर आहे, तिथे देऊळ आणि थोडी जागा, बस. महाबळेश्वरला एवढ्या उंचीवर मोठ्ठं पठार आहे, त्यावर गाव आहे, बाजार, तलाव, शेती, जंगल सगळं आहे. त्याचं वेगळेपण तिथे आहे, नुसत्या आकड्यात नाही.

३. पुण्याहून जाताना आपण एकूण किती चढतो? आणि चढ नक्की कुठे लागतो?

पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे निव्वळ फरक ८०० मीटरच्या आसपास. पण हा चढ रस्त्यावर सारखा वाटलेला नाही. कात्रज ओलांडला, पुढे खंबाटकी चढलो आणि पलीकडे उतरलो, सुरूरला हायवे सोडून वाईत आलो की आपण कृष्णेच्या खोऱ्यात ७०० मीटरच्या थोडं वर असतो. म्हणजे स्वारगेटहून निघून दोन-अडीच तास गेले तरी खरं चढणं अजून झालेलंच नसतं. खरा चढ पसरणी घाटात. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता आणि तेवढ्यात जवळपास ५७० मीटर वर. पाचगणी १२९३ मीटरला आहे, म्हणजे तिथून महाबळेश्वरपर्यंतच्या अठरा-वीस किलोमीटरमध्ये निव्वळ वाढ फक्त ६० मीटर! त्या टप्प्यात रस्ता पठाराच्या पाठीवरून जातो. म्हणून गाडी तापायची असेल तर पसरणीतच तापते, पाचगणीच्या पुढे नाही. उतरताना पसरणीत सेकंड गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

४. लोणावळा, माथेरान, सिंहगड यांच्याशी तुलना करून सांगा ना.

लोणावळ्याचं ऐकून लोकांना धक्का बसतो, ते जेमतेम ६२० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पुण्यापेक्षा साठेक मीटर वर, इतकंच. तिथला गारवा उंचीचा कमी आणि घाटमाथ्यावरच्या ढगांचा आणि पावसाचा जास्त. माथेरान ८०० मीटर. कास पठार १२०० च्या आसपास. आणि सिंहगड १३१२ मीटर, म्हणजे पाचगणीपेक्षा किंचित जास्तच! तोरणा तर १४०३, महाबळेश्वर गावापेक्षाही वर.

मग सिंहगडावर दुपारी तसं गार का वाटत नाही? कारण सिंहगडाचा माथा लहान, झाडी थोडी, आणि चारी बाजूंनी तापलेल्या उघड्या डोंगरउतारांवरून वारा वर येतो. महाबळेश्वरला किलोमीटरच्या किलोमीटर जंगल आहे, सावली आहे, मातीत ओल टिकते. पठार मोठं आणि झाडीनं झाकलेलं असलं की उंचीचा फायदा टिकून राहतो. जंगल तोडलं तर तीच उंची असूनही दुपारी सिंहगडासारखी झळ लागेल, हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं.

५. हे सगळं ज्वालामुखीचं आहे म्हणतात, मग ज्वालामुखीचं तोंड कुठल्या पॉइंटला आहे?

कुठल्याच नाही. शंकूच्या आकाराचा डोंगर, वर खड्डा, त्यातून धूर, असं चित्र डोक्यात असेल तर ते इथे चालत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून पातळ लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, काही काळ गेला, परत आला, परत पसरला. एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांच्या चवडीसारखे थर साचत गेले, जवळजवळ आडवे. डायनासोर संपले तो काळ साधारण हाच. आजही दख्खनचा हा काळा दगड पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे आणि पुण्यातल्या टेकड्या त्याच्याच. जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर ज्या दगडात कोरलंय तोही हाच बेसाल्ट.

म्हणजे महाबळेश्वर हा वर आलेला ज्वालामुखी नव्हे. आजूबाजूचे थर नद्यांनी आणि पावसानं कापून नेले, जे शिल्लक राहिलं ते हे पठार. दऱ्या नंतर झाल्या, डोंगर म्हणजे उरलेला भाग. हे एकदा डोक्यात बसलं की केट्स पॉइंटवर उभं राहून समोर बघा, पलीकडच्या डोंगररांगेचा माथा साधारण आपल्याच लेव्हलला दिसतो, थरही जुळतात. मधलं सगळं कृष्णेनं कापून नेलंय.

आणखी एक गोष्ट जी अभिमानानं सांगण्यासारखी आहे: या लाव्हाच्या थरांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांनी थरांच्या गटांना जी नावं दिली त्यात पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही आपलीच नावं आहेत. सगळ्यात खाली पोलादपूर, मधे आंबेनळी, वर महाबळेश्वर, आणि या सगळ्यांना मिळून वाई उपगट. जगभरातल्या पेपरमध्ये ही नावं येतात.

६. मग परत उद्रेक होऊ शकतो का? आणि भूकंप?

उद्रेकाची भीती नको. तो लाव्हा ज्या उष्णतेमुळे आला ती जागा आता इथे खाली नाहीच, भारताचा भूखंड तेव्हापासून हजारो किलोमीटर उत्तरेला सरकलाय.

भूकंपाचं वेगळं आहे. दक्षिणेला कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ ला सहापेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला होता, माणसं गेली, आणि अजूनही तिथे छोटे धक्के बसत असतात. त्याचा संबंध धरणाच्या पाण्याशी आणि खालच्या जुन्या भेगांशी आहे, ज्वालामुखीशी नाही. तिथे अभ्यासासाठी बोअर घेतले तेव्हा साधारण ९०० मीटर लाव्हाचे थर ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट लागला, म्हणजे आपल्या पायाखाली किती जाडीचा दगड आहे याचा अंदाज येतो.

७. घाटात दगड काळा आणि वर सगळीकडे लाल, असं का? लाल जांभा तर कोकणात असतो ना?

खूप जण विचारतात आणि प्रश्न खरंच चांगला आहे. घाटात दिसतो तो बेसाल्ट. त्याच्या थरांमध्ये अधूनमधून विटकरी पट्टे दिसतात, ते दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. आणि पठाराच्या डोक्यावर जी लाल टोपी आहे तो जांभा. तो वेगळा कुठून आलेला नाही, त्याच बेसाल्टचा झालाय. भरपूर पाऊस, उष्ण हवा आणि पाणी वाहून न जाता मुरेल अशी सपाट जागा, हे लाखो वर्षं मिळालं की दगडातली सिलिका विरघळून निघून जाते आणि लोह नि अॅल्युमिनियम मागे राहतं, म्हणून तो लाल आणि सच्छिद्र. कोकणातला जांभा खालच्या लेव्हलचा, हा वरच्या लेव्हलचा, दोन वेगळ्या पिढ्यांचे.

जांभा उघडा पडला की वाळून कडक होतो. ही कडक टोपी आहे म्हणून पठाराचा माथा झिजायचा वाचला. जिथे टोपी गेली तिथे डोंगराची धार झाली, सुळका झाला. पाचगणीचं टेबललँड बघा, वर एकदम सपाट, कडेला उभा तुटलेला जांभा, हे त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण.

८. पठार म्हणजे सपाट ना? मग महाबळेश्वरात फिरताना सारखे चढउतार का?

पाचगणीचं टेबललँड सपाट आहे. महाबळेश्वरचं पठार मोठं आणि खूप कापलेलं आहे, चारी बाजूंनी ओढ्यांनी आत शिरून त्याला बोटं पाडली आहेत. प्रत्येक पॉइंट म्हणजे अशा एकेका बोटाचं टोक. म्हणून एका पॉइंटवरून दुसरा समोर सरळ रेषेत जवळ दिसतो आणि गाडीनं जायला वळसा घालून अर्धा तास लागतो. मॅपवर अंतर मोजून प्लॅन करू नका, रस्त्याचं अंतर बघा.

९. पश्चिमेला एकदम सरळ कडा आणि पूर्वेला हळूहळू उतार, हे कसं काय?

सह्याद्रीची गोष्टच ती आहे. पश्चिमेकडे जमीन तुटली, समुद्र आला, आणि कोकणातल्या नद्यांना थोड्या अंतरात खूप खाली उतरायचं असल्यामुळे त्या फार जोरात कापतात. कडा हळूहळू पूर्वेकडे मागे सरकत आलाय, अजूनही सरकतोय, आपल्या आयुष्यात दिसत नाही इतकंच. पूर्वेकडच्या नद्यांना बंगालच्या उपसागरापर्यंत जायचंय, त्यांची उतरण मंद.

मुंबई पॉइंटवरून किंवा लॉडविकवरून प्रतापगड दिसतो, तो १०८० मीटरचा, म्हणजे आपण चक्क वरून खाली किल्ला बघत असतो. त्याच्या पायथ्याचं जावळीचं खोरं बघितलं की १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाला इथे का यायला लावलं ते पुस्तक न वाचता कळतं. मोठी फौज, तोफा, उंट, हत्ती घेऊन त्या जंगलात उतरायचं म्हणजे काय हे मुलांना तिथे उभं करून दाखवा.

१०. आर्थर सीट जास्त उंच का विल्सन पॉइंट? आर्थर सीटला टाकलेली टोपी परत वर येते हे खरं का?

उंच विल्सन (प्रश्न १). आर्थर सीट त्याच्यापेक्षा खाली आहे पण तिथे समोर सावित्रीची दरी एकदम तुटलेली असल्यामुळे डोळ्यांना तीच जागा जास्त उंच वाटते. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि समोरच्या दरीची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विल्सनवर उलट आहे, आजूबाजूलाही पठारच असल्यामुळे उंची जाणवत नाही, पण चारी बाजू मोकळ्या म्हणून सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही एकाच जागेवरून दिसतात.

टोपीचं खरं आहे. समुद्राकडून येणारा वारा कड्यावर आपटतो आणि त्याला वर जाण्याशिवाय वाट नसते, हलकी वस्तू त्याच्याबरोबर वर येते. पावसाळ्यात उलटे धबधबे दिसतात तेही यामुळेच. पण प्लास्टिकची झाकणं, बाटल्या फेकून हा प्रयोग करू नका प्लीज, सगळं वर येत नाही, खाली जंगलात कचरा साचतो.

११. पाच नद्या एकाच देवळातून कशा निघतात?

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांची धारा मानतात. श्रद्धा आपल्या जागी, पण भूगोलही त्याला धरूनच आहे. जांभा स्पंजासारखा पाणी पितो, खालचा घट्ट थर लागला की ते पाणी पुढे मुरत नाही आणि बाजूनं झरा म्हणून फुटतं. पठाराच्या कडेनं असे झरे ठिकठिकाणी आहेत. आणि हे पठार पाणलोटाच्या नेमक्या शिरेवर असल्यामुळे इथून निघालेलं पाणी कुठल्या बाजूला उतरलं त्यावर त्याचं नशीब ठरतं.

सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात, गायत्री तिलाच मिळते. कृष्णा पूर्वेला वाईकडे. वेण्णा लिंगमळ्याचा धबधबा होऊन मेढ्याकडे आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत. कोयना बराच काळ दक्षिणेला सरळ जाते, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. कृष्णेचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, अरबी समुद्र तिच्या उगमापासून साधारण ६४ किलोमीटरवर, आणि ती मात्र पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

१२. एवढ्या नद्या, एवढा पाऊस, तरी उन्हाळ्यात तिथल्या वाड्यांना पाणी कमी पडतं हे कसं?

कारण पठार उंच आहे आणि सगळं पाणी खाली जाण्याच्या घाईत आहे. जांभ्यात साठलेलं हळूहळू झऱ्यातून निघून जातं, मार्च-एप्रिलपर्यंत बारीक झरे आटतात. बेसाल्टमध्ये पाणी भेगांपुरतंच. धरणं आहेत ती सगळी खाली, धोम, बलकवडी, कण्हेर, कोयना. वर साठवण म्हणाल तर वेण्णा लेक, साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ ला बांधून घेतलेला, बोटिंगसाठी आपण ओळखतो पण महाबळेश्वर नि पाचगणीचं पिण्याचं पाणीही तिथूनच येतं. मे महिन्यात हॉटेलात बादली भरून नळ चालू ठेवताना एवढं लक्षात असू दे.

१३. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि वाईत ऊन, असं एकाच दिवशी कसं?

वारा पश्चिमेकडून येतो, कड्यावर चढतो, चढताना थंड होतो आणि सगळं ओझं तिथेच टाकतो. पुढे पाचगणीला जाईपर्यंत ढग हलके झालेले असतात आणि वाईला उतरताना हवा परत तापून कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५५०० ते ६००० मिलिमीटर, पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, वाईला आणखी निम्म्याहून कमी. उंची पाचगणी आणि महाबळेश्वरची जवळपास सारखीच आहे (प्रश्न ३), तरी पावसात एवढा फरक, म्हणजे उंचीपेक्षा कड्यापासूनचं अंतर महत्त्वाचं. पुण्यात वर्षभरात सातशेच्या आसपास मिलिमीटर पडतो. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता. एका दिवसात जवळपास पुण्याचं वर्ष.

१४. जंगल एवढं दाट, पण झाडं बुटकी का?

वारा, उथळ माती, आणि पाऊस संपल्यावरचे सात-आठ कोरडे महिने. पाऊस कितीही पडला तरी तो चार महिन्यांत पडतो, बाकी वर्ष झाडांना त्या थोड्या मातीतल्या ओलीवर काढायचंय. म्हणून पठारावर जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, गेळा ही झाडं पसरट आणि ठेंगणी दिसतात, फांद्यांवर शेवाळ, आमरी. त्याच जाती दरीत आडोशाला, जिथे माती खोल आहे, तिथे चांगल्या उंच होतात. झाडांवर शेकरू दिसेल, संध्याकाळी रस्त्यावर गवे, त्यांना हॉर्न मारू नका, थांबा, जातात ते. उतारांवर कारवी आहे, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि त्या वर्षी मधाची चंगळ, मांघर हे मधाचं गाव तिथून जवळच.

१५. मग सड्यावर झाडं का नाहीत? तोडली का?

बहुतेक सड्यांवर कधी नव्हतीच. सडा म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ, माती बोटभर, पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तवा. तिथे झाड उभं राहत नाही पण पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा, कंदीलपुष्प असं काय काय उगवतं की बघत राहावं. यातल्या काही वनस्पती जगात फक्त सह्याद्रीच्या सड्यांवरच सापडतात. त्यामुळे सडा ओसाड दिसला म्हणून तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेऊ नका, मनापासून विनंती आहे. पुण्यातले चांगले चांगले ग्रुप उत्साहानं रोपं घेऊन जातात, खड्डे पाडायला कातळ फोडतात, रोपं मेमध्ये जळतात आणि फुलांची जागा कायमची जाते. झाडं लावायचीच असतील तर वनखात्याला विचारून, माती असलेल्या उतारावर, तिथलीच जात लावा.

१६. वेण्णा लेकला बर्फ पडतो म्हणे?

आकाशातून बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीवरचं दव गोठतं आणि पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपावर, बोटींच्या जेटीवर पांढरा थर दिसतो. वेण्णा लेक आणि लिंगमळा हा भाग खोलगट आहे, थंड हवा जड म्हणून रात्री उतारावरून घरंगळत तिथे साचते. म्हणून मार्केटमधला थर्मामीटर गोठणबिंदूच्या बराच वर असतानाही लेकच्या काठावर दव गोठलेलं असू शकतं. बघायचं असेल तर उजाडताना जा, ऊन आलं की संपलं.

एरवीचा हिशोब सोपा आहे, दर १०० मीटरला साधारण ०.६५ अंश कमी, म्हणजे ८०० मीटरच्या फरकाला पुण्यापेक्षा पाचेक अंश गार.

१७. एवढ्या उंचीवर ऑक्सिजन कमी पडतो का? आजोबांना नेलं तर चालेल?

हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो. उंचीचा त्रास म्हणतात तो साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे धडधाकट माणसाला काही होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारून न्या, आणि खरा त्रास उंचीपेक्षा थंड दमट हवेनं आणि पॉइंटवरच्या पायऱ्यांनी होतो. पसरणीत कान बंद होतात, आवंढा गिळा, लहान बाळाला दूध पाजा, सुटतात. पाणी तिथे १०० ऐवजी ९५-९६ अंशालाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, कुकर घेऊन जा.

१८. मोबाईलमध्ये उंची १२९० दाखवते, बोर्डवर १३५३, कोण खोटं?

कोणीच नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्या भागात समुद्रसपाटीची पातळी त्या गणिती आकाराच्या साधारण साठ-पासष्ट मीटर खाली आहे, त्यामुळे दुरुस्ती न केलेलं अॅप तेवढी उंची कमी दाखवतं. चांगली अॅप ही दुरुस्ती आपोआप करतात, सेटिंगमध्ये बघा. काही घड्याळं हवेच्या दाबावरून उंची काढतात, त्यांना पावसाळी हवा चकवते, एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की घड्याळाला वाटतं आपण नऊ-दहा मीटर वर आलो. निघताना माहीत असलेल्या जागेवर घड्याळ सेट करून घ्या.

१९. पावसाळ्यात आंबेनळीतून कोकणात उतरलं तर?

जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नको. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण ४० किलोमीटरमध्ये रस्ता पठारावरून जवळपास समुद्रसपाटीच्या लेव्हलला येतो, वर भुसभुशीत माती, खाली गुळगुळीत दगड आणि मधे पाणी, दरडी येतातच. २०२१ च्या त्या पावसात (प्रश्न १३) हा रस्ताही तुटला होता. जायचंच असेल तर दिवसा, आणि निघण्याआधी घाट चालू आहे का याची त्याच दिवशी चौकशी करून.

२०. रेलिंगच्या बाहेर दगडावर बसून फोटो काढतात सगळे, दगड तर घट्ट असतो ना?

वरून घट्ट, खालून नाही. जांभ्याच्या कडक टोपीखाली मऊ, मातकट थर असतो, पाण्यानं तो पोखरला जातो आणि वरची कड अधांतरी राहते. ती कधी सुटेल हे वर उभं राहून कळत नाही. टेबललँडच्या कडेला खाली पडलेले घराएवढे दगड दिसतात ते असेच सुटलेले आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर धुक्यात पॉइंटवर जाऊच नका.

२१. स्ट्रॉबेरी पठारावर होते का?

थोडी पठारावर, बरीचशी त्याच्या कडेच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात आणि पाचगणीच्या बाजूला, भिलार वगैरे गावांत. थंडी हवी, पण पाणी साचायला नको, म्हणून उतार आणि गादीवाफे. लाल माती निचऱ्याला चांगली. २०१० पासून तिला जीआय मानांकन आहे.

२२. तिकडे प्लॉट घ्यायचा विचार आहे, व्ह्यू असलेला. काय बघावं?

महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. सातबारा स्वच्छ असला म्हणजे बांधता येतं असं नाही, प्रादेशिक आराखड्यात जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, वनात आहे का, उतार किती, हे लेखी काढून घ्या. आणि व्ह्यू असलेला प्लॉट म्हणजे बहुतेक वेळा कड्याजवळचा प्लॉट, तर प्रश्न २० परत वाचा. डोंगर कापून सपाट केलेली जागा तर घेऊच नका, कापलेल्या उतारातून झऱ्याचं पाणी फुटतं आणि पहिल्या मोठ्या पावसात भिंत सरकते, शिवाय खालच्या वाडीचा झरा जातो तो वेगळाच.

२३. तापोळा महाबळेश्वर तालुक्यातच येतं ना, मग तिथे उकडतं का?

येतं, पण पठारावर नाही. तापोळा कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, आणि त्या जलाशयाची पूर्ण भरल्यावरची पातळीच ६५९ मीटर. म्हणजे गावातून पंचवीस-तीस किलोमीटर उतरून आपण ७०० मीटर खाली, जवळपास पुण्याच्या लेव्हलला येतो, त्यात पाण्याचा दमटपणा. मे महिन्यात सकाळी लवकर जा, सुती कपडे घाला, आणि अंधार पडायच्या आत परत वर चढायला लागा, वळणं अरुंद आहेत आणि संध्याकाळी धुकं कड्याकडून रस्त्यावर येतं.